स्वप्ने विकणे आहेत!

वितळलेलं घड्याळ तुम्ही पाहिलेलं आहे. नाही म्हणू नका. कॉलेजात असताना कुणाच्या तरी टी-शर्टवर, हॉस्टेलच्या भिंतीवरच्या पोस्टरवर, नाहीतर गिफ्ट शॉपमधल्या कॉफी मगवर. वाळक्या फांदीवर कपडे वाळत घालावेत तसं लटकलेलं एक, आणि कडेवरून ओघळणारं दुसरं. साल्व्हादोर दालीचं हे १९३१ मधलं चित्र, ‘द पर्सिस्टन्स ऑफ मेमरी’. मूळ चित्र केवढं आहे माहितीये? २४ सेंटिमीटर बाय ३३. ए-फोर कागदापेक्षा जेमतेम मोठं.

आजचा कॉलम मात्र दालीवर नाही. तो आहे हे चित्र पॅरिसमध्ये २५० डॉलर मोजून उचलणाऱ्या न्यूयॉर्कच्या एका पंचवीस वर्षांच्या पोरावर आणि त्याच्यासारख्याच आणखी दोन दुकानदारांवर. हो, दुकानदारच. कमर्शिअल आर्ट गॅलरी म्हणजे शेवटी दुकानच की! भाडं, लाइट बिल, गिऱ्हाईक, कमिशन, सगळं आलं. आपल्याकडे एक पक्का समज असतो, की कलेच्या शेजारी गल्ला आला की कला बिघडते. या गोष्टीत मात्र गल्ला नसता, तर कला बोटीतून खाली उतरलीच नसती.

क्रांतीचं घरभाडं

सररिअॅलिझम, म्हणजे आपल्या मराठीतला अतिवास्तववाद, जन्मला पॅरिसमध्ये. आंद्रे ब्रेतों या कवीनं १९२४ मध्ये त्याचा जाहीरनामा काढला. फंडा साधारण असा, की माणसाचं खरं जगणं त्याच्या हिशेबी डोक्यात नसतं, ते स्वप्नात आणि नेणिवेत असतं. तेव्हा लिहिताना, रंगवताना बुद्धीचा पहारा उठवा आणि आतून येईल ते येऊ द्या. फ्रॉइडचा प्रभाव उघडच होता. शिवाय ही मंडळी चर्च, पैसा, देशभक्ती, पांढरपेशा शिष्टाचार अशा सगळ्यांवर खार खाऊन होती. ब्रेतों तर १९२७ मध्ये कम्युनिस्ट पक्षातसुद्धा दाखल झाला.

आता गंमत बघा. पैशाला शिव्या घालणाऱ्या याच मंडळींनी १९२६ मध्ये पॅरिसमध्ये स्वतःची गॅलरी उघडली. १९३७ मध्ये ब्रेतोंनं ‘ग्रादिव्हा’ नावाची आणखी एक थाटली. ब्रेतों आणि त्याचा कवीमित्र पॉल एल्युआर, दोघांच्याही चरितार्थाचा बराचसा भार चित्रांच्या खरेदी-विक्रीवर होता. क्रांतीचं घरभाडंही कुणाला तरी भरावंच लागतं!

पॅरिसमध्ये निदान माहोल होता. कॅफे होते, मासिकं होती, रात्रभर भांडणारे मित्र होते. न्यूयॉर्कमध्ये काय होतं? ऑक्टोबर १९२९ मध्ये शेअर बाजार आपटला. पुढच्याच महिन्यात ‘म्युझियम ऑफ मॉडर्न आर्ट’ उघडलं खरं, पण तेही भाड्याच्या जागेत. १९३३ पर्यंत अमेरिकेत दर चार कामगारांमागे साधारण एक बेकार होता. लोक ब्रेडसाठी रांगा लावत होते. अशा वेळी वितळलेली घड्याळं विकायला काढणाऱ्या माणसाला तुम्ही काय म्हणाल? त्याच्या घरच्यांनीही तेच म्हटलं असणार.

सासूबाई, आमची पॅरिस शाखा

या माणसाचं नाव ज्युलियन लेव्ही. जन्म १९०६. वडील न्यूयॉर्कमधले बडे बिल्डर, मुलगा हार्वर्डमध्ये. म्हणजे सगळं सेट. पण ज्युलियननं डिग्री पुरी न करताच हार्वर्ड सोडलं आणि १९२७ मध्ये पॅरिसची बोट पकडली. सोबत कोण, तर मार्सेल द्यूशां, लघवीचं भांडं शिल्प म्हणून प्रदर्शनाला पाठवणारा तोच तो अवलिया. मॅन रेबरोबर सिनेमा काढायचा ज्युलियनचा बेत होता. सिनेमा राहिला, लग्न झालं. मुलगी जोएला, कवयित्री मिना लॉय यांची कन्या. पुढे जावयानं गॅलरी काढल्यावर मिना लॉय यांनी पॅरिसमधून त्याच्यासाठी चित्रं मिळवायचं काम सांभाळलं. सासूबाई एजंट असलेली जगातली ही बहुधा एकमेव आवाँ-गार्द गॅलरी!

न्यूयॉर्कला परतल्यावर ज्युलियननं आधी एका गॅलरीत नोकरी करून धंद्याच्या खाचाखोचा शिकून घेतल्या. मग आईकडून वारशानं आलेल्या पैशातून नोव्हेंबर १९३१ मध्ये मॅडिसन अॅव्हेन्यूवर स्वतःची गॅलरी उघडली. खरं तर त्याला फोटो विकायचे होते. फोटोग्राफी ही कला आहे, ती भिंतीवर टांगली पाहिजे, हे त्याचं म्हणणं. काळाच्या पुढचं होतं, म्हणजेच खपत नव्हतं. तेव्हा त्यानं दुसरं वेड पुढे काढलं. पॅरिसहून आणलेला सररिअॅलिझम.

या चित्रांची झलक सगळ्यात आधी हार्टफर्ड गावातल्या वॉड्सवर्थ अथेनियम या म्युझियमनं दाखवली, नोव्हेंबर १९३१ मध्ये. पहिल्या नंबराचा मान लेव्हीनं मैत्रीखातर त्यांना देऊन टाकला होता. जानेवारी १९३२ मध्ये तो खेळ न्यूयॉर्कला, त्याच्या स्वतःच्या गॅलरीत आला. दाली, माक्स अर्न्स्ट, पिकासो, मॅन रे, कॉक्तो, सगळी तालेवार नावं. ओघळणारी घड्याळं अर्थातच होती. १९३४ मध्ये हे चित्र म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टकडे गेलं, देणगीदाराचं नाव गुप्त ठेवून. आजही ते तिथेच आहे.

पण माझ्या मते त्या प्रदर्शनातली सगळ्यात मोठी बातमी वेगळीच होती. दालीच्या पंगतीला एक असा माणूस बसला होता, ज्याचं नाव न्यूयॉर्कमध्ये कुणाच्या कानावरही नव्हतं. जोसेफ कॉर्नेल. लोकरी कापडाच्या कंपनीत सेल्समन म्हणून दहा वर्षं काढलेला, आई आणि अपंग भावाबरोबर क्वीन्समध्ये राहणारा, लाजाळू. कामाच्या फेऱ्यांमधून वेळ काढून जुन्या पुस्तकांची, भंगाराची दुकानं धुंडाळायची आणि तिथली जुनी छापील चित्रं, फोटो, काचेच्या वस्तू घरी आणून ठेवायच्या, हा त्याचा छंद. आर्ट स्कूलचं तोंड त्यानं पाहिलं नव्हतं. लेव्हीच्या गॅलरीत चकरा मारता मारता त्यानं तिथली कोलाज पाहिली, घरी जाऊन स्वतःची केली आणि घाबरत घाबरत लेव्हीपुढे ठेवली. लेव्हीनं ती नुसती भिंतीवर लावली नाहीत, तर प्रदर्शनाच्या कॅटलॉगचं कव्हरही कॉर्नेलकडूनच करून घेतलं. त्याच वर्षाच्या अखेरीस गॅलरीत कॉर्नेलच्या वस्तूंचं वेगळं प्रदर्शनसुद्धा लागलं.

आयुष्यात कधीही परदेशी न गेलेला हा माणूस पुढे काचेच्या पेट्यांमधल्या त्याच्या छोट्या छोट्या दुनियांमुळे अमेरिकन कलेतलं मोठं नाव झाला. परदेशी चित्रं आणून टांगली, की तो इव्हेंट झाला. ती बघून गावातलाच कुणीतरी कामाला लागला, की मग मुळं धरली म्हणायचं. आणि त्यासाठी ती चित्रं एक आठवडा टांगून भागत नाही. वर्षानुवर्षं, दर महिन्याला, एकाच पत्त्यावर काहीतरी नवं लागावं लागतं. हे काम फक्त दुकानच करू शकतं.

लेव्हीनं ते इमानानं केलं. बुन्युएल आणि दालीचे सिनेमे दाखवले. १९३३ मध्ये दालीचं न्यूयॉर्कमधलं पहिलं एकल प्रदर्शन लावलं. १९३६ मध्ये ‘सररिअॅलिझम’ नावाचं पुस्तकच काढलं. १९३७ मध्ये ५७व्या रस्त्यावर मोठी जागा घेतली, तीही वळणदार भिंतींची, म्हणजे माणूस चालता चालता एकेका चित्रासमोर आपोआप येईल. १९३८ मध्ये याच जागेत मेक्सिकोच्या फ्रिडा काहलोचं आयुष्यातलं पहिलं एकल प्रदर्शन झालं. पंचवीस चित्रं, त्यातली निम्म्याच्या आसपास विकली गेली. मंदीतून पुरत्या न सावरलेल्या शहरात, एका अनोळखी बाईची, रक्त आणि जखमा दाखवणारी चित्रं! आज फ्रिडाचा चेहरा झोळ्यांवर आणि उशांच्या अभ्र्यांवर छापला जातो. त्या वेळी तिला भिंत देणारा माणूस मात्र कुठेही छापलेला नसतो.

बापाचं नाव, पोराची चिकाटी

लेव्हीपासून चार पावलांवर, ५७व्या रस्त्यावरच्याच फुलर बिल्डिंगमध्ये, दुसरं दुकान होतं पिएर मातिसचं. आडनाव ओळखीचं वाटलं ना? बरोबर, आन्री मातिसचा धाकटा मुलगा. १९२४ च्या डिसेंबरात तो न्यूयॉर्कला आला, दुसऱ्यांच्या गॅलरीत उमेदवारी केली आणि लेव्हीनं दुकान उघडलं त्याच सीझनला, १९३१ मध्ये, स्वतःची गॅलरी सुरू केली.

बापाची चित्रं विकून आरामात जगता आलं असतं. पिएरनं लावून धरलं ते जोआन मिरोला. मिरो स्पेनचा, अमेरिकेत तेव्हा फारसं कुणी ओळखत नव्हतं. त्यातून त्याची चित्रं म्हणजे ठिपके, तारे, वाकड्या रेषा. ‘माझा पोरगा पण काढेल’ कॅटेगरीतली! पिएरनं १९३४ मध्ये त्याच्याशी व्यवहार ठरवला, चित्रांच्या बदल्यात दरमहा ठरलेली रक्कम. म्हणजे चित्र विकलं जावो न जावो, मिरोच्या घरची चूल पेटणार. आणि मग पिएर एका मागून एक मिरोची प्रदर्शनं लावत राहिला.

नोव्हेंबर १९४१ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं एकाच वेळी दोन मोठी प्रदर्शनं उघडली. एक दालीचं, एक मिरोचं. मिरोनं तर तोपर्यंत अमेरिकेत पाऊलही ठेवलं नव्हतं, तो पहिल्यांदा गेला १९४७ मध्ये. इतिहासाची पुस्तकं म्हणतात, म्युझियमनं त्यांना मान्यता दिली. खरंय. पण दोघांच्याही मागे ५७व्या रस्त्यावरचा एकेक दुकानदार दहा वर्षं भाडं भरत उभा होता, हे त्या पुस्तकांच्या तळटीपांत सापडतं.

तोवर युरोपात युद्ध भडकलं होतं. फ्रान्स पडल्यावर ब्रेतों, माक्स अर्न्स्ट, आंद्रे मासों असे एकेक जण न्यूयॉर्कच्या धक्क्यावर उतरले. ब्रेतोंनं तर इंग्रजी शिकायलाच नकार दिला. अशा माणसांना परक्या शहरात जायला एक ठिकाण लागतं. मार्च १९४२ मध्ये पिएर मातिसनं ‘आर्टिस्ट्स इन एक्झाइल’ हे प्रदर्शन भरवलं, परागंदा झालेल्या १४ कलावंतांचं. त्या चौदाजणांचा एक ग्रुप फोटो प्रसिद्ध आहे. सूट-टाय घातलेले, गंभीर चेहऱ्याचे लोक. शागाल, लेजे, मॉन्द्रिआन, अर्न्स्ट, ब्रेतों, तांगी. शाळेच्या ग्रुप फोटोसारखे ओळीनं बसलेले आणि उभे. त्यातला ईव्ह तांगी तर पिएरचा खरोखरच शाळासोबती.

दरमहा १५० डॉलरची उचल

तिसरं दुकान सगळ्यात झगमगीत. मालकीण पेगी गुगेनहाइम. आधी लंडनमध्ये १९३८ ते १९३९ गॅलरी चालवून तोटा सोसलेला. मग युद्ध तोंडावर असताना पॅरिसमध्ये धडाधड चित्रं विकत घेतलेली. १९४१ मध्ये ती माक्स अर्न्स्टसह अमेरिकेत आली आणि २० ऑक्टोबर १९४२ रोजी ५७व्या रस्त्यावर तिनं ‘आर्ट ऑफ धिस सेंच्युरी’ उघडली.

उद्घाटनाला पेगीच्या एका कानात तांगीनं केलेलं डूल, दुसऱ्या कानात अलेक्झांडर काल्डरचं. एक अतिवास्तववादी, एक अमूर्त, म्हणजे कुणावर अन्याय नको! आतलं डिझाइन फ्रेडरिक किस्लरचं. लाकडाच्या वळलेल्या भिंती, त्यातून बाहेर आलेल्या दांड्यांवर बिनफ्रेमची चित्रं, मध्येच बंद-चालू होणारे दिवे. आजच्या भाषेत सांगायचं तर ‘इमर्सिव्ह एक्सपीरियन्स’, १९४२ चं मॉडेल.

पण झगमगाट बाजूला ठेवून एक आकडा बघू. जॅक्सन पोलॉक नावाचा एक तिरसट, दारूच्या आहारी गेलेला चित्रकार तेव्हा पेगीच्या काकांच्या म्युझियममध्ये सुतारकाम आणि पडेल ती कामं करत होता. १९४३ मध्ये पेगीनं त्याच्याशी करार केला. दरमहा १५० डॉलर, एक वर्ष. वर्षअखेर विक्री २,७०० डॉलरच्या वर गेली तर एक तृतीयांश गॅलरीचे, उरलेले पोलॉकचे. कमी पडली तर फरकाची भरपाई चित्रांनी. आपल्याकडे याला चक्क ‘उचल’ म्हणतात. कुठलंही उदात्त भाषण नाही, साधा व्यवहार. पण पोलॉकनं ते काम सोडलं आणि पूर्ण वेळ चित्रं काढायला लागला. नोव्हेंबर १९४३ मध्ये त्याचं पहिलं एकल प्रदर्शन पेगीकडे झालं आणि १९४४ मध्ये म्युझियम ऑफ मॉडर्न आर्टनं त्याचं ‘द शी-वुल्फ’ विकत घेतलं.

पगाराच्या तारखेची वाट बघणाऱ्या आपल्यासारख्यांना हे वेगळं समजावायला नको. महिन्याची एक ठरलेली रक्कम माणसाच्या डोक्यातली केवढी जागा मोकळी करते! बुद्धीचा पहारा उठवून आतलं बाहेर येऊ द्या, हे पॅरिसचं तत्त्व पोलॉकनं उचललं. त्यातून पुढे कॅनव्हास जमिनीवर पसरून रंग ओतणारी, तद्दन अमेरिकन चित्रकला उभी राहिली. रोप पॅरिसचं, फळ वेगळंच.

आणि बिल?

आता नाण्याची दुसरी बाजू. दुकान म्हटलं की शोकेस आली आणि शोकेसला चेहरा लागतो. तो चेहरा झाला दाली. मार्च १९३९ मध्ये फिफ्थ अॅव्हेन्यूवरच्या बॉनविट टेलर या पॉश स्टोअरनं त्याच्याकडून शो-विंडो सजवून घेतली, न विचारता बदलली आणि चिडलेला दाली बाथटबसकट काच फोडून फुटपाथवर आला. पोलिसांनी पकडलं, पेपरांनी उचललं. फुकट पब्लिसिटी. ब्रेतोंनं मग ‘साल्व्हादोर दाली’ या नावातलीच अक्षरं उलटसुलट करून त्याचं बारसं केलं, ‘आव्हिदा डॉलर्स’. म्हणजे डॉलरचा हावरा.

या डॉलरच्या वाटेवर आपली मुंबईसुद्धा भेटते बरं का. १९६७ मध्ये मुंबईत मुख्यालय असलेल्या एअर इंडियानं दालीकडून एक अॅश-ट्रे डिझाइन करून घेतला. उलटा केला की हत्तीचा हंस दिसावा असा. मोबदला म्हणून दालीनं मागितलं हत्तीचं पिल्लू. एअर इंडियानं ते खरोखर स्पेनला पोचवलं! पॅरिसच्या कॅफेत भांडवलशाहीविरुद्ध सुरू झालेली चळवळ विमानातल्या फर्स्ट क्लासची भेटवस्तू झाली. ब्रेतोंचा राग समजू शकतो.

पण याच रस्त्यावर अर्शील गॉर्कीही होता. आर्मेनियातला नरसंहार पाहून, निर्वासित म्हणून १९२० मध्ये अमेरिकेत आलेला. वीस-पंचवीस वर्षं तो आधी सेझान, मग पिकासो, मग मिरो असा दुसऱ्यांच्या शैलीत रंगवत राहिला. लेव्हीनं १९४५ मध्ये त्याचं प्रदर्शन लावलं, कॅटलॉगमध्ये ब्रेतोंनं लिहिलं, आणि तोवर गॉर्कीच्या चित्रांना स्वतःचा सूर सापडला होता. ती चित्रं कुणी फारशी घेत नव्हतं, तरी लेव्ही दरवर्षी ती लावत राहिला. जून १९४८ मध्ये लेव्ही चालवत असलेल्या गाडीला अपघात झाला, शेजारी बसलेल्या गॉर्कीची मान मोडली. आजारपण आणि मोडणारा संसार आधीच मागे लागलेला. जुलैमध्ये त्यानं आत्महत्या केली. पुढच्या वर्षी, १९४९ मध्ये, लेव्हीनं गॅलरी बंद केली. पेगी तर १९४७ मध्येच दुकान गुंडाळून युरोपला परतली होती. उरला पिएर मातिस. त्याची गॅलरी १९८९ मध्ये तो जाईपर्यंत चालू होती.

म्हणून ‘पैशानं कला बिघडते की घडते’ या वादात मला फारसा रस वाटत नाही. दालीला शोकेसमध्ये बसवणारं आणि गॉर्कीची न खपणारी चित्रं वर्षानुवर्षं लावणारं दुकान एकच होतं. बहुधा पहिल्याच्या जोरावरच दुसरं जमत होतं. विचारायचं असेल तर एवढंच विचारावं, की आलेल्या पैशातून दुकानदारानं पुढची रिस्क कुणावर घेतली?

आणि एक प्रॅक्टिकल गोष्ट. गॅलरीच्या काचेच्या दारापाशी आपण उगीच बिचकतो. आत एसी, पिनड्रॉप सायलेन्स, टेबलामागे कुणीतरी एकदम टिपटॉप. वाटतं, आपल्याला घ्यायचं तर काहीच नाही, हाकलतील. कुणी हाकलत नाही. बहुतेक कमर्शिअल गॅलऱ्यांमध्ये तिकीट नसतं आणि प्राइस लिस्ट मागितली तर दाखवतातही. कॉर्नेललासुद्धा काही विकत घ्यायचं नव्हतं. दहा वर्षं लोकरीचं कापड विकून दमलेला माणूस होता तो. दार ढकलून आत गेला, इतकंच.